पोलादपूरच्या प्रेसमधला झेड ड्राइव्ह

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते दिसणारच आहे. दोन हजार सालाच्या आसपास, तेविसाव्या वर्षी, खांद्याला केबलचं भेंडोळं अडकवून लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरणारी महाडात मी एकटीच मुलगी होते. दुपारपर्यंत दुरुस्त्या, संध्याकाळी भाड्याच्या गाळ्यात तीन जुन्या मशीनवर क्लास. लोक मला दारात बघून विचारायचे, "मेकॅनिक कुठाय?" मी म्हणायचे, "हा काय, समोर उभा आहे." मग त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. मला त्यात भलती मजा यायची. आता आठवलं तरी वाटतं, काय सुखाचे दिवस होते ते. आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचं वय होतं.

पोलादपूरचं प्रेस हे माझं पहिलं नेटवर्क. म्हणजे तीन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, बस. आज कुणी याला नेटवर्क म्हणणारही नाही, पण तेव्हा मी आईला सांगताना आवाज चढवून सांगितलं होतं. प्रेस एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, जत्रेची हँडबिलं असं काम. मालक साठीच्या आसपासचे, बोलायला मोजके. सकाळी शेतावर जायचे, आंघोळ-जेवण उरकून अकराच्या पुढे प्रेसवर यायचे आणि छपाईचं मशीन स्वतःच चालवायचे. तोवर प्रेस उघडून काम सुरू करायची ती त्यांची ऑपरेटर.

ती वीस वर्षांची होती. कापड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरावर तिची वाडी. घरात म्हशी, शेळ्या, थोडी भातशेती, भाऊ मुंबईला कामाला. रोज सकाळी तासभर डोंगर उतरून कापड्याला यायची, तिथून मिळेल त्या गाडीने पोलादपूर. वाडीत बारावी झालेली ती पहिली पोरगी. मराठी टायपिंग तर असं करायची की मी नुसती बघत राहायचे. चाकरमान्यांच्या पत्रिकेत साठ-सत्तर नावं असतात, आजोबांपासून चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत, आणि एक नाव राहिलं की लग्नाआधीच भांडण. तिच्या हातून नाव राहत नसे. बोलायची मात्र कमी. मी चार वाक्यं बोलले की तिचं एक यायचं, "व्हय ताई."

तर ते नेटवर्क. आतल्या खोलीत मालकांचा मोठा कॉम्प्युटर. सगळ्या पत्रिका, सगळी चित्रं, गणपतीचे बावीस नमुने, सगळं त्याच्या पोटात. बाहेर हिचा कॉम्प्युटर आणि मागे प्रिंटरजवळ तिसरा. हिच्या मशीनवर मी एक 'झेड ड्राइव्ह' दाखवला होता. दिसायला तो तिच्याच मशीनमधला कप्पा, पण खरा आतल्या खोलीतला. सकाळी मशीन सुरू झालं की ते आपोआप आतल्या मशीनला हाक मारणार आणि झेड ड्राइव्ह जोडून घेणार. तिने फक्त बटण दाबायचं. वर मी आणखी एक शहाणपण केलं. तिच्या मशीनमध्ये जागा कमी, म्हणून मराठी अक्षरांच्या फायली, म्हणजे फाँट, तेसुद्धा मी झेडवरच ठेवले. त्या काळी मराठी अक्षरं म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले कपडे होते. फाँट सापडला नाही तर 'चि. सौ. कां.'च्या जागी पडद्यावर निव्वळ एबीसीडीचा कचरा दिसायचा.

या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती एक छोटी डबी असते. तिला हब म्हणतात. ती बंद असली की कुणाची हाक कुणाला ऐकू जात नाही. हब लावायला मी जागा शोधत होते. भिंतीवर उंच एका फळीवर गणपती आणि लक्ष्मीची तसबीर होती, पुढे लाल दिवा, बाजूला बोर्ड. "देवाच्या बोर्डावर जागा हाय बघा," मालक म्हणाले. मी चपला काढून स्टुलावर चढले. त्या बोर्डावर एकच बटण, त्यावर देवाचा दिवा. मी तिथे एकात दोन बसणारी पिन लावली, एकीत दिवा, दुसरीत हब. आणि हे काही मी आंधळेपणाने केलं नव्हतं हं! मी विचार केला होता. प्रेस उघडलं की पहिलं काम काय? झाडलोट, पाण्याचा शिडकावा, उदबत्ती आणि देवाचा दिवा. मग बाकीची बटणं. म्हणजे हब सगळ्यांच्या आधी जागं होणार आणि शटर पडेपर्यंत जागं राहणार. तो दिवा काही कुणी मधेच बंद करणार नाही. मला माझ्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते.

तीन आठवडे सगळं झकास चाललं. मग फेब्रुवारीत, लग्नाचं काम ऐन भरात असताना, मालकांचा फोन आला. "मॅडम, अक्षरं गेली."

"कुठे गेली?"

"ते मला काय म्हाईत? पडद्यावर इंग्रजी पडतंय नुसतं. सकाळपास्नं ती पोरगी बसलीय तशीच."

मी सांगितलं, बंद करून परत चालू करा. केलं. अक्षरं आली. झालं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा बंद-चालू, पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी मी एसटीने पोलादपूरला गेले. पोचायला साडेअकरा झाले. जाऊन बघते तर सगळं सुरळीत! झेड जोडलेला, अक्षरं जागेवर, ती खाली मान घालून टाइप करतेय. मी तासभर मशीन दहा वेळा बंद-चालू केलं. दहाही वेळा झेड हजर. केबल बदलली, टोकं नवी लावली, उगाच थोडी धूळ झटकली आणि परत आले. चौथ्या दिवशी फोन, पाचव्या दिवसापासून सगळं शांत.

मार्चमध्ये पुन्हा तेच. चार दिवस सकाळी झेड नाही, अकरानंतर आहे. मालक म्हणाले, "अवस आली का जवळ, बघा." अमावास्या खरंच आली होती. मी म्हटलं, "काका, कॉम्प्युटरला अमावास्या कळत नाही हो." पण कॉम्प्युटरला काय कळतं ते मलाही कळत नव्हतं, हे मी बोलले नाही. मी नेटवर्कचं कार्ड बदललं. मोठा कॉम्प्युटर आधी सुरू करायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरा, अशी शिस्त घालून दिली. ती मुलगी ते सगळं तंतोतंत करायची. तरी सकाळी मशीन सुरू झालं की इंग्रजी चौकट हजर, ड्राइव्ह जोडता आला नाही म्हणून.

आता यात एवढं काय, दोन तासांचा तर प्रश्न, असं कुणाला वाटेल. पण पोलादपुरात सकाळच महत्त्वाची. वरच्या गावांतली माणसं पहिल्या गाडीने उतरतात, तालुक्याची कामं करतात आणि दुपारच्या गाडीने वर जातात. उमरठकडची एक मंडळी पत्रिकेचा नमुना बघायला सकाळी साडेनऊला आली. पडद्यावर नवरदेवाच्या जागी एबीसीडी. बसून बसून कंटाळली आणि थेट महाडला जाऊन दुसरीकडे छापायला टाकून आली. त्या दिवशी मालक पहिल्यांदा माझ्यावर चिडले. आवाज चढवला नाही, पण म्हणाले, "मॅडम, तुम्हाला जमत नसंल तर सांगा."

मला जमत नसेल? मला? माझं डोकंच फिरलं. आणि तापलेल्या डोक्याने मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "काका, मशीनमध्ये काही नाही. मी असताना कधी बंद पडतं का? तुमची ऑपरेटरच सकाळी काहीतरी नको ते दाबत असणार." ती दोन हातांवर बसली होती. तिने वर बघितलं, माझ्याकडे, मग मालकांकडे. मला वाटलं, आता बोलेल, मी काय दाबलं नाय म्हणेल, मग मी आणखी चार सुनवीन. ती काहीच बोलली नाही. पुन्हा टाइप करायला लागली. आणि मी त्या गप्प बसण्याचा सरळ अर्थ घेतला, की चूक तिचीच.

मालक मला बाहेर रस्त्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "पोरगी चांगली हाय हो. पण सीझन घालवून कसं चालंल? तुमच्या क्लासला एखादी असंल तर बघा. पुढच्या महिन्यात असंच झालं तर हिला नको म्हणून सांगतो. तसं हिचा भाऊ बोलवतोच हाय मुंबईला, त्याची पोरं सांभाळायला." मी म्हटलं, "आहे एक हुशार, पाठवते." आणि खरोखर महाडला जाऊन क्लासमधल्या एका मुलीला विचारलंसुद्धा. ती तयारही झाली.

एप्रिलमध्ये फोन आला तेव्हा मालक नुसते म्हणाले, "झालं सुरू." मी दुपारी गेले. अर्थातच सगळं चालू होतं. पण या वेळी मी मशीन उघडलंच नाही. मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर कॉम्प्युटर बंद पडल्याच्या दिवसांवर लाल पेन्सिलने फुल्या मारल्या होत्या. फेब्रुवारीत चार, मार्चमध्ये चार, आज पहिली. पाठोपाठ, एका घोळक्यात. मी बोटांनी मधले दिवस मोजले. अमावास्या मागेपुढे सरकत होती, फुल्यांशी तिचा काही मेळ नव्हता. बाजाराचा वार नाही, विजेचा घोळ नाही. गावच्या पाण्याचा पंप वगैरे काहीतरी असेल, अशी माझी आपली अटकळ! बाईच्या जातीची मी, दर चार आठवड्यांनी चार दिवसांचा घोळका हे डोळ्यांनी बघत होते, आणि पंप शोधत होते. कप्पाळ माझं.

एक मात्र कळलं. बिघाड सकाळी होतो आणि मी दुपारी येते. म्हणजे चोर गेल्यावर मी पंचनामा करत होते. दुसऱ्या दिवशी मी महाडहून पहिल्या गाडीला बसले आणि नऊच्या आधी प्रेसच्या पायरीवर जाऊन बसले. ती आली आणि मला बघून दचकलीच. "ताई, तुम्ही इतक्या सकाळी?" मी म्हटलं, "तू तुझं रोजच्यासारखं कर. मी नुसती बघणार." माझ्या आवाजात तेव्हाही पोलिसी थाट होता.

तिने शटर वर केलं. झाडलं. पायरीवर पाणी शिंपडलं. मग केरसुणी कोपऱ्यात ठेवून हात धुतले आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन मोठा कॉम्प्युटर सुरू केला. घड्याळ बघून पाच मिनिटं थांबली, मी सांगितलेली शिस्त. मग स्वतःचा सुरू केला. इंग्रजी चौकट आली. तिने ओके दाबलं, कालची पत्रिका उघडायला गेली, झेड ड्राइव्ह नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "असंच व्हतंय बघा."

तिने काही म्हणजे काहीही नको ते दाबलं नव्हतं. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते, डोकं रिकामं. मान वर केली आणि फळीकडे लक्ष गेलं. देव अंधारात होते. लाल दिवा बंद, आणि बाजूला माझं हब, त्याचा एकही हिरवा ठिपका पेटलेला नाही. मेलेलं! कुणी फाडकन तोंडात मारावी तसं मला झालं.

"अगं, देवाचा दिवा नाही लावलास?" मी विचारलं.

ती कीबोर्डवरची धूळ पुसायला लागली.

"उदबत्ती पण नाही लावलीस आज. विसरलीस का?"

तिने मान हलवली. नाही विसरले. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि तेव्हा कुठे, तेव्हा, माझ्या डोक्यात उजेड पडला. कॅलेंडरवरच्या फुल्या, चार चार दिवस, सगळं एकदम. मी हळूच विचारलं, "अडचण आहे का?" ती म्हणाली, "कालपास्नं."

आमच्या घरी हे पाळत नसत. आई नोकरी करायची, घरात आम्ही दोघीच. कोण लांब बसणार आणि कोण वाढणार? आमचा देव वर्षाचे सगळे दिवस आमच्यापैकीच कुणाच्या तरी हातची पूजा घ्यायचा. त्यामुळे रोज सकाळी देवाचा दिवा लागतो, एवढी अर्धीच रीत मी हिशेबात धरली होती. तो दिवा लावणारी बाई असली तर महिन्यातले चार दिवस ती त्या बटणाला हात लावणार नाही, ही उरलेली अर्धी रीत मी विसरले. आणि त्या बटणावर मी अख्खं प्रेस टांगून ठेवलं होतं. ती बिचारी ते चार दिवस दिव्याशिवाय काम सुरू करायची. अकराच्या पुढे मालक यायचे, चपला काढून देवाला हात जोडायचे, दिवा दिसला नाही तर पोरगी विसरली असेल म्हणून स्वतःच बटण लावायचे. हब जागं. मग कुणीतरी मशीन बंद-चालू केलं की झेड हजर, अक्षरं हजर. आणि साडेअकराला मी, छाती पुढे काढून.

मी हसायलाच लागले. सुटले एकदाची, असं वाटलं. पण तिच्याकडे बघितलं तर तिचे डोळे भरलेले.

"ताई, मला म्हाईत हाय माझ्यामुळंच व्हतंय ते," ती म्हणाली. "मागल्या टायमालाच कळलं मला. मी बाहेरची आसली का मशीन चालत नाय. मालक येऊन देवाला हात जोडतात मंग चालतंय. मशीनला इटाळ व्हतोय. चार दिवस येत नाय म्हटलं तर मालक म्हणणार का गो, आणि मालकांना काय सांगू? म्हणून आईला सांगितलं, मी जाते दादाकडं म्हमईला. या महिन्यापास्नं सोडते मी काम."

म्हणजे मी तिच्यावर आळ घेतला तेव्हा ती का बोलली नाही, ते हे. तिला तो आळ खराच वाटत होता. नको ते दाबलं म्हणून नाही, नुसता हात लावला म्हणून. मी फार वाईट वागले होते, आणि तेही माझी स्वतःची चूक झाकायला, जी मला माहीतसुद्धा नव्हती.

मी काय करणार? रडण्यापेक्षा मला भांडण बरं जमतं. मी म्हटलं, "ए बाई, इकडे बघ. मी महिन्याचे तीसही दिवस मशीनला हात लावते. नुसता हात नाही, पोटात हात घालून उघडते. विटाळ होत असता तर महाडातले अर्धे कॉम्प्युटर एव्हाना खलास झाले असते की नाही?" ती म्हणाली, "तुम्ही शहरातल्या. तुम्हाला चालत असंल." आता याला काय उत्तर द्यायचं! महाडला शहर म्हणणारी पहिली व्यक्ती मला भेटली ती ही.

मग मी स्टूल घेतलं. तिला हब दाखवलं, त्याची तार दाखवली, ती देवाच्या बटणाला कशी जाते ते दाखवलं. "ही पिन कुणी लावली? मी. देवाने नाही, तू नाही. माझा शहाणपणा हा." तार काढली, खाली ओढून आणली आणि तिच्या कॉम्प्युटरच्या बोर्डवर लावली, म्हणजे तिने मशीनचं मेन बटण दाबलं की हबही सुरू व्हावं. शिवाय नको असलेल्या जुन्या फायली उडवून तिच्या मशीनमध्ये जागा केली आणि रोज लागणारे मराठी फाँट तिथेच उतरवले, म्हणजे उद्या झेडने दगा दिला तरी अक्षरं तरी जाणार नाहीत. हे सगळं खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मग सगळी बटणं बंद केली आणि तिला म्हटलं, "आता तू चालू कर. देवाच्या बटणाला हात लावू नकोस. बाकी सगळं तू."

तिने बटण दाबताना बोट असं लावलं की जणू तवा तापलाय. मशीन सुरू झालं. हबवर हिरवे ठिपके लुकलुकले. झेड आला. पत्रिका उघडली आणि सगळ्यात वर, आपल्या शुद्ध मराठीत, गणपतीचं नाव. देव वर अंधारातच होते.

"चाललं!" मी ओरडले.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही शिवल्यात ना आधी, म्हणून चाललं आसंल."

मी हात टेकले.

मालक आले तेव्हा मला अजून एक काम होतं, आणि ते हब बदलण्यापेक्षा अवघड होतं. मी म्हटलं, "काका, बिघाड सापडला. चूक माझी होती. मी हब देवाच्या बोर्डावर लावलं, ते तिथे लावायला नको होतं. तुमच्या ऑपरेटरने काहीही चुकीचं केलेलं नाही. मी मागे बोलले ते खोटं होतं, आणि मी तिची माफी मागितलीय." मागितली नव्हती. म्हणून तिथेच वळून तिला म्हटलं, "माफ कर गं." ती इतकी लाजली की उठून प्रिंटरकडेच गेली.

मालकांनी डोकं खाजवलं. "पण देवाचं बटण तर रोज लागतं सकाळी. मंग रोजच का नाय बंद पडलं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "कधी कधी उशिरा लागत असेल, काका." ते फळीकडे बघायला लागले. मग कॅलेंडरकडे. स्वतःच्याच हातच्या लाल फुल्या, चार, चार आणि कालची एक. माणूस साठीचा होता, दोन मुलींची लग्नं केलेला. फुल्यांवरून त्यांची नजर पुढे सरकताना मला दिसत होती, आणि मधेच ती थांबली. त्यांनी घसा साफ केला. उगाच दोनदा चष्मा पुसला.

"चहा सांगतो," ते म्हणाले आणि बाहेर गेले. चहा घेऊन येणारा पोऱ्या आला तरी ते आले नाहीत. आले तेव्हा माझ्याशीच बोलले, हलक्या आवाजात, जणू ती पाच हातांवर नाहीच. "तिला सांगा, देवाचा दिवा आता मी आल्यावर मीच लावत जाईन. रोज. तिनं तिचं काम करायचं. आणि ती तुमच्या क्लासची पोरगी नको."

"आणि ती मुंबईला निघालीय ते?"

"ते कुणी सांगितलं?" ते म्हणाले, आता मात्र तिच्याकडे बघून. "सीझनला कोण जातंय म्हमईला? मेलेल्या माणसाचं पण नाव पत्रिकेत टाकायला लागतं, कै. लावून. त्या साठ नावांचं काय मी करू?"

ती तिथूनच म्हणाली, "नाय जात."

महाडला परत आल्यावर क्लासमधल्या त्या मुलीला नाही म्हणून सांगितलं, आणि ती माझ्यावर आठवडाभर फुगून बसली. बरोबरच होतं तिचं. माझ्या मनात मात्र पोलादपूरच अडकलं होतं. हब दुरुस्त झालं होतं याची मला खात्री होती. पण ती मुलगी मला खोटी समजत नव्हती, नुसती देवाने सवलत दिलेली समजत होती. तुम्ही शिवल्यात म्हणून चाललं. हे मी कुठल्या स्क्रू ड्रायव्हरने काढणार होते? पुढचा महिना यायची मी वाट बघत होते. दिवस मोजत होते, हे कबूल करायला हरकत नाही.

मे महिन्यात एके सकाळी साडेनऊला गाळ्यातला फोन वाजला. "ताई, मी बोलते." ती होती. स्टँडवरच्या एसटीडी बूथवरून बोलत होती, मागे गाड्यांचा आवाज येत होता. "काय झालं? झेड गेला?"

"नाय ताई. आज दुसरा दिवस हाय माझा. काल पण चाललं. पण तुम्हाला फोन नाय केला. म्हटलं एक दिवस चुकून चाललं आसंल. आज पण चाललं. तुम्ही नव्हता. मालक अजून आले नायत. देवाचा दिवा बंद हाय. मी एकटीच व्हते, ताई. मीच शिवले सगळ्याला."

मला इतका आनंद झाला होता की मी नुसतं "हां, हां" करत राहिले. मग म्हटलं, "आता पटलं ना तुला?"

ती हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग तिचा आवाज एकदम खाली गेला, बूथवाल्याला ऐकू जाऊ नये इतका. "ताई, आईनं लोणच्याला कैऱ्या काढल्यात. मला चार दिवस त्या खोलीत पण येऊ देत नाय, नासतं म्हणते. ते पण आसंच आसंल का वो?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? मी लोणचं घातलं नाही कधी. घालून बघ की."

"एक बारकी बरणी घालते माझी वेगळी," ती म्हणाली. "आजच घालते. कुणाला नाय सांगणार." आणि तिने फोन ठेवला, कारण प्रेस उघडं टाकून आली होती.